काचेवरचा तीळ

घाटकोपरच्या एल. बी. एस. मार्गावर पुढल्या डंपरमधली खडी उडाली आणि आमच्या गाडीच्या समोरच्या काचेचा तिळाएवढा टवका उडाला. ‘राहू द्या हो बाबा, दिसतसुद्धा नाही,’ चिरंजीव म्हणाले. मी बँकेतला माणूस. थकलेला पहिला हप्ताही असाच कुणाला दिसत नाही!

ताजा टवका रेझिन भरून थोडक्यात भागतो. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत आला, वर एखादा खड्डा बसला, की चीर धावू लागते. मग अख्खी काचच बदला. विम्यात काचेला घसारा नाही हे खरे, पण दाव्यापायी बहुधा ‘नो क्लेम बोनस’ जातो. पैशांचे सोडा. सूनबाई भर पावसात रात्री मुलुंडहून गाडी आणते. समोरच्या दिव्यांचा झोत चिरेवर फुटला, तर तिला रस्ता दिसायचा कसा? मी गाडीची किल्ली मागून घेतली.