बेटे कोणाची, भाडे कोणाला?

१ ऑगस्ट २०२४ पासून एक्वाडोर सरकारने गालापागोस बेटांवर येणाऱ्या परदेशी प्रवाशांचे प्रवेशशुल्क शंभर डॉलरवरून दोनशे डॉलर केले. शुल्क एकदम दुप्पट झाले म्हणून ही वाढ डोळ्यांत भरते. परंतु १९९८ पासून हा आकडा जागचा हललेला नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे चित्र पालटते. अमेरिकेतील ग्राहक-किंमत निर्देशांकाने मोजल्यास १९९८ चे शंभर डॉलर २०२४ मध्ये सुमारे एकशे नव्वद डॉलर होतात. तेव्हा ही वाढ नव्हेच. पंचवीस वर्षांच्या भाववाढीने जे कुरतडले त्याची ही जेमतेम भरपाई आहे. ज्या प्रवाशाकडून हे शुल्क घ्यावयाचे, तो छोट्या बोटीतील आठवड्याच्या सफरीसाठी काही हजार डॉलर मोजून आलेला असतो. मग विचारावयाचा प्रश्न असा, की त्या हजारोंपैकी बेटांच्या वाट्याला किती येते?

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे एक हजार किलोमीटरवर असलेल्या या ज्वालामुखी बेटांवर डार्विन १८३५ मध्ये पाच आठवडे होता. त्याचे ‘बीगल’ जहाज जेमतेम सत्तावीस मीटर लांबीचे. आज सोळा प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या तेथील बोटीही साधारण तेवढ्याच असतात. (फरक इतकाच, की ‘बीगल’वर साठसत्तर माणसे दाटीवाटीने राहत आणि त्यांना वातानुकूलित खोल्या नव्हत्या.) बेटांची सत्त्याण्णव टक्के भूमी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि तेथील शिस्त कडक आहे. कोणत्याही बोटीवर शंभरांहून अधिक प्रवासी नसावेत, सोळा प्रवाशांमागे एक परवानाधारक मार्गदर्शक असावा, आखलेल्या पायवाटेबाहेर कोणी पाऊल टाकू नये, असे नियम आहेत. २०१२ पासून तर एका बोटीने चौदा दिवसांत तोच किनारा पुन्हा गाठू नये, असेही बंधन घातले गेले. निसर्गरक्षणाच्या दृष्टीने जगातील बेटांच्या पर्यटनात याहून चांगली व्यवस्था क्वचितच आढळेल. बोटींवर टीका करणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे.

तथापि निसर्गाची व्यवस्था चोख असली म्हणजे अर्थव्यवस्थाही न्याय्य असतेच असे नाही. बोटींचे परवाने मर्यादित आहेत. सुमारे सत्तर बोटी आणि सर्व मिळून दोन हजारांच्या आत बर्थ. मागणी वाढत गेली आणि पुरवठा गोठलेला राहिला, की किंमत चढते, आणि चढलेल्या किमतीचा लाभ परवाना ज्याच्या हाती त्याला मिळतो. रिकार्डोने १८१७ मध्ये सुपीक जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते येथे समुद्रावर लागू पडते. हा खंड बोटमालकाच्या कर्तबगारीतून निर्माण होत नाही. तो कासवे, समुद्री सरडे आणि निळ्या पायांचे बूबी पक्षी यांच्यामुळे, आणि सरकारने घातलेल्या मर्यादेमुळे निर्माण होतो. जी संपत्ती सार्वजनिक आहे तिचे भाडे मात्र खाजगी हाती जाते. प्रवाशाच्या बिलातील पुष्कळसा भाग विमानकंपन्या, परदेशी दलाल आणि मुख्य भूमीवरील कार्यालये यांच्यातच विरून जातो. प्रवासी बोटीवरच जेवतो, बोटीवरच झोपतो; गावातील खानावळवाल्याला त्याचे दर्शन घडले तर घडले.

बेटांवरील रहिवाशांनी यावर आपला मार्ग शोधला. बोटींना मर्यादा होती, किनाऱ्यावरील वस्तीला तशी नव्हती. वसतिगृहे उभी राहिली, दिवसभराच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि आज निम्म्याहून पुष्कळ अधिक प्रवासी बोटीवर न राहता गावात राहतात. १९७४ च्या आराखड्याने वर्षाला बारा हजार प्रवासी ही कमाल मर्यादा सुचविली होती. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्या पुढे गेला. बर्थ मोजत बसलेल्या नियमांच्या बगलेतून माणसे आत आली. या पाहुण्यांचा पैसा मात्र गावात खेळतो, हे नाकारता येत नाही.

त्याचबरोबर ओझेही गावावरच पडते. पोर्तो आयोरा या सर्वांत मोठ्या गावात नळाला येणारे पाणी मचूळ, पिण्याजोगे नसते. अन्नधान्य, सिमेंट, इंधन सारे मुख्य भूमीवरून यावयाचे, आणि प्रत्येक मालाबरोबर कीटक व बिया येण्याचा धोका. परके जीव एकदा शिरले की ते काढण्याचा खर्च काय असतो, याचा धडा बेटांनी घेतलेला आहे: इसाबेला व सान्तियागो बेटांवरील मोकाट शेळ्यांचा नायनाट करण्याच्या १९९७ ते २००६ या मोहिमेत एक लाख चाळीस हजारांहून अधिक शेळ्या माराव्या लागल्या. बोटीही निर्दोष नाहीत. जानेवारी २००१ मध्ये सान क्रिस्तोबालजवळ ‘जेसिका’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले. त्यातील जड इंधन एका पर्यटक जहाजासाठीच चालले होते. पुढील वर्षभरात सान्ता फे बेटावरील साठ टक्क्यांहून अधिक समुद्री सरडे मेले.

अशा स्थितीत एकूण प्रवाशांवरच मर्यादा घाला, अशी सूचना सहज पुढे येते. ती अपुरी आहे. सरसकट मर्यादेचा पहिला फटका स्वस्त प्रवाशाला बसेल, म्हणजे ग्वायाकिलच्या शाळामास्तराला आणि त्याला चार खोल्या भाड्याने देणाऱ्या बेटावरील कुटुंबाला. या मास्तराचे शुल्कही २०२४ मध्ये सहा डॉलरवरून तीस डॉलर झाले आहे. प्रमाणात पाहिले तर परदेशी पाहुण्यापेक्षा त्याच्यावरील वाढ मोठी. मर्यादा घालावयाची तर ती खंडाच्या फेरवाटपासह घालावी लागेल. बोटींचे परवाने ठराविक मुदतीचे करून लिलावाने द्यावेत आणि त्यात बेटांवरील रहिवाशांच्या सहकारी संस्थांसाठी वाटा राखून ठेवावा. १९९८ च्या कायद्याने प्रवेशशुल्कातील चाळीस टक्के उद्यानाला आणि वीस टक्के नगरपालिकांना देऊ केले. तेच तत्त्व परवान्यांच्या उत्पन्नाला लावले तर नळाचे पाणी आणि सांडपाणी यांसाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न पुष्कळसा सुटेल. बोटमालक याला विरोध करतील हे उघड आहे. परवाने आपल्या हयातीत कोणी मागे घेणार नाही, या भरवशावर त्यांनी कर्जे काढून बोटी बांधल्या आहेत. त्यांना काही वर्षांची मुदत देणे भागच आहे. पण ती मुदत केव्हा सुरू होणार आणि केव्हा संपणार, ही तारीख कीतोतील सरकारने आजच जाहीर करावयास हवी.