विश्लेषण : नव्या मोठ्या टीव्हीवर लग्नाची जुनी सीडी अंधूक का दिसते?

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा टीव्ही घेणं थोडं सोपं झालं. कोल्हापूर शहराला खेटून असलेल्या उचगावसारख्या गावात असा टीव्ही घरी आला की कधी ना कधी कपाटातून लग्नाची जुनी सीडी बाहेर निघते. ती लावली की मात्र हिरमोड होतो. चेहरे पसरट, कडा पुसट, मध्येच चौकोनी ठिपके. ‘सीडी खराब झाली’ म्हणून ती टाकायला काढली जाते. पण बहुतेक वेळा बिघाड सीडीत नसतोच. मग नेमकं काय होतं?

डिस्कवर मुळात किती चित्र असतं?

टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं बनतं. व्हीसीडीचं तंत्र १९९३ मधलं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तिच्या चित्रात ३५२ बाय २८८, म्हणजे सुमारे १ लाख पिक्सेल असतात. डीव्हीडीत ७२० बाय ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर जवळपास २१ लाख आणि फोरके टीव्हीवर ८३ लाख पिक्सेल असतात. व्हीसीडीने फोरके पडदा पूर्ण भरायचा, तर एका पिक्सेलची माहिती ८० हून अधिक पिक्सेलवर पसरवावी लागते. मधलं सगळं टीव्ही अंदाजाने भरतो.

शिवाय एका व्हीसीडीवर सव्वा तासाचं चित्रण बसवण्यासाठी चित्र खूप दाबलेलं असतं. वरातीतला नाच किंवा अक्षता पडतानाची गडबड, अशा वेगवान हालचालीत चौकोन दिसतात ते यामुळेच.

जुन्या टीव्हीवर तीच सीडी बरी का दिसायची?

पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्राच्या कडा आपोआप मऊ करायचा, त्यामुळे दोष झाकले जायचे. पडदाही लहान होता. २१ इंची टीव्हीवरचं चित्र ४३ इंची टीव्हीवर योग्य प्रमाणात दाखवलं, तरी त्याचं क्षेत्रफळ जवळपास पावणेतीन पट होतं. आपण मात्र तेवढ्याच अंतरावर बसतो. जुनं चित्र ४:३ प्रमाणाचं आणि नवा पडदा १६:९ चा. त्यामुळे चित्र ताणलं जातं आणि नवरा-नवरी दोघेही जाडजूड दिसतात.

घरच्या घरी काय सुधारता येईल?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण चेहरे सरळ दिसतील. शार्पनेस कमी करा, कारण तो वाढवला की चौकोन अधिक ठळक होतात. डीव्हीडी प्लेअरला एचडीएमआय असेल, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीऐवजी ते वापरा. थोडं लांब बसा. एवढ्याने फरक पडतो, पण डिस्कवर नसलेलं चित्र त्यातून निर्माण होत नाही.

एआय वापरून चित्र स्वच्छ करून देणाऱ्या सेवांबाबतही हेच लक्षात ठेवा. पुसट चेहऱ्यात एआय जे तपशील भरतो, ते त्याचे अंदाज असतात. आज हयात नसलेल्या आजीचा चेहरा स्पष्ट होईल, पण तो तिचाच असेल याची खात्री नाही. म्हणून मूळ प्रत कधीही पुसू नका.

घाई कशासाठी?

कारण डिस्क वाचणारी यंत्रं कमी होत चालली आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये सहसा डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. स्टुडिओत रेकॉर्ड करून दिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेने खराब होतो. सीडीचा माहितीचा थर तर लेबलच्या अगदी खाली असतो, त्यामुळे त्या बाजूचा ओरखडा जास्त घातक ठरतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर परिसरातल्या अनेक घरांत पाणी शिरलं होतं, हेही विसरून चालणार नाही.

एकाच प्रतीवर विसंबण्याची किंमत मराठी सिनेमाने मोजली आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या नायट्रेट फिल्म जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच दुसरीकडे काढलेल्या होत्या, तेच चित्रपट वाचले. घरच्या लग्नाच्या सीडीची मात्र अनेकदा दुसरी प्रतच नसते.

प्रत कशी काढायची?

टीव्हीवर चालू असलेलं चित्र मोबाइलने टिपू नका, त्यात दर्जा आणखी घसरतो. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह वापरून डिस्कवरच्या फाइल संगणकात जशाच्या तशा उतरवा. व्हीसीडीत त्या ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये असतात, डीव्हीडीत ‘व्हिडीओ_टीएस’मध्ये. ‘व्हीएलसी’सारखा मोफत प्लेअर त्या चालवतो. फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला कॉपीराइटचे नियम लागू होतात, हे वेगळं.

आणखी एक गोष्ट करून पाहा. लग्नाचं चित्रण मिनीडीव्ही कॅसेटवर झालं असेल, तर त्या कॅसेटमध्ये व्हीसीडीच्या चौपट पिक्सेल असतात. चित्रण करणाऱ्या स्टुडिओकडे ती कॅसेट अजून आहे का, हे आधी विचारा. ती मिळाली, तर प्रत तिच्यावरूनच काढा.