मुळाशी आलेला पाहुणा

मुलांनो,

आज आधी माझीच एक चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात आमच्या चौथीतली एक मुलगी सोयाबीनचं रोप मुळासकट घेऊन वर्गात आली. मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी!

"बाई, ह्यो रोग हाय का? बा म्हनतोय, औषध आणावं लागंल."

मी पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "रोगच दिसतोय गं. आणायला सांग औषध."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. तिनं एक गाठ नखानं फोडली होती. "बाई, आत रक्तावानी लाल हाय!" आता मात्र मी चपापले. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी कृषी सहायकांकडे गेलो. ते हसून म्हणाले, "बाई, हा रोग नाही, हा तर खताचा कारखाना!" औषधाचे पैसे वाचले आणि मला नवा धडा मिळाला. तोच आज तुम्हाला.

हवेत ७८ टक्के नत्र असतो. झाडाला तो हवाच असतो, पण नत्राचे दोन अणू तीन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून बसतात. झाडाला ते सुटत नाहीत. म्हणजे समोर पंचपक्वान्नांचं ताट, पण तोंड बांधलेलं! ते बंध सोडवण्याची हातोटी मातीतल्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंकडे असते.

मग झाड त्यांना बोलावणं धाडतं. कसं? तोंड तर नाही! सोयाबीनची मुळं जेनिस्टीन, डेडझीन असे रेणू मातीत सोडतात. योग्य जिवाणूला ते ओळखू येतात. तो उत्तरादाखल स्वतःचा एक रेणू बनवतो. त्याला नॉड घटक म्हणतात. मुळावरच्या केसांना हा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. किल्ली बसली, की केस वाकडा होऊन जिवाणूला कुशीत घेतो, आत जायला बारीकशी नळी तयार होते आणि मुळावर गाठ वाढू लागते. किल्ली चुकीची असेल, तर दार बंद!

गाठीत झाड जिवाणूंना अन्न पुरवतं आणि जिवाणू झाडाला नत्र देतात. पण एक अडचण असते. जिवाणूंना श्वासासाठी प्राणवायू हवा, आणि नत्राचे बंध सोडवणारं त्यांचं नायट्रोजिनेज हे यंत्र प्राणवायूनंच बिघडतं! म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजून मापून देतं. लाल रंग त्याचाच. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते नातलग. म्हणजे आमची मुलगी फारशी चुकली नव्हती!

आणि पाहुणा आयतं खाऊ लागला तर? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली सोयाबीनवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. नत्र न देणाऱ्या गाठींचा प्राणवायू झाड कमी करतं, असं त्यात दिसलं. काम नाही, तर लाडही नाहीत!

शेतात युरिया फार पडला, तर झाड गाठी कमी धरतं. घरात खत असताना पाहुण्याला कोण बोलावणार? म्हणून पेरणीआधी बरेच शेतकरी जिवाणू खत गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतात आणि बियाणं सावलीत सुकवतात.

करून पाहा: मोठ्यांना विचारून फुलोऱ्यातलं सोयाबीनचं किंवा मुगाचं एकच रोप मातीसकट खणून काढा. मुळं पाण्यात हलकेच धुवा. एक गाठ फोडा. आत लालसर दिसली, तर कारखाना चालू आहे! मात्र मुळावर खरा रोगही असतो. सूत्रकृमींनी धरलेलं मूळ स्वतःच सुजतं, ती गाठ सुटत नाही. आपली कामाची गाठ बोटानं अलगद निघते.

पालकांनो, मूल असं काही हातात घेऊन आलं, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी गाठ फोडून बघा!

तुमच्या,
बाई