मापाचें वस्त्र

नऊवारी लुगड्यास माप नसतें. सडपातळ सून आणि स्थूल सासू एकाच थप्पींतून लुगडें निवडीत. निऱ्या कमीअधिक पडत, एवढाच काय तो भेद. पुढें पोलकें आलें, पण शिंपी अंगाचें माप घेऊन तें बेतीत असे, म्हणून त्याचाहि जाच कोणास झाला नाहीं. तयार कपड्यांच्या दुकानांनीं हा न्याय उलटा केला. आतां कपडा आधीं ठरतो आणि माणसानें त्यांत मावावयाचें असतें.

आमची एक नात अंगानें भरलेली आहे. गेल्या दिवाळीपूर्वीं तिच्यासमवेत बोरिवलीस स्टेशनाजवळील बाजारांत जाण्याचा योग आला. एका दुकानांत विक्रेत्यानें तिला नखशिखान्त न्याहाळून, तिनें तोंड उघडण्यापूर्वींच, ‘तुमच्या मापाचें येथें कांहीं मिळणार नाहीं’ असें सांगून टाकलें. दुसऱ्या दुकानांत माप होतें. परंतु सारे कपडे काळे, करडे, नाहींतर गडद निळे. ‘मोठ्या मापांत हेच शोभतात, आडवे पट्टे तर नकोतच,’ असें शास्त्र आम्हांस ऐकविण्यांत आलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. परततांना रिक्षांत मात्र म्हणाली, “आजोबा, ताईच्या लग्नाला मी येत नाहीं.”

शास्त्राचें नांव निघालें कीं त्याचें प्रमाण पाहावें, ही आम्हां पंतोजींची खोड. हेल्महोल्ट्झ नामक जर्मन पंडितानें १८६७ सालींच दाखवून ठेवलें होतें कीं, दोन सारख्या चौरसांपैकीं एकांत आडव्या व दुसऱ्यांत उभ्या रेषा भरल्यास आडव्या रेषांचा चौरस अधिक उंच व अरुंद भासतो. २०११ सालीं इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनीं हाच प्रयोग वस्त्रांस लावून पाहिला आणि आडव्या पट्ट्यांनीं माणूस जाड दिसत नाहीं असें प्रसिद्ध केलें. २०१३ सालीं जपानी संशोधकांस हा लाभ बारीक आकृतींत आढळला, स्थूल आकृतींत आढळला नाहीं. शास्त्रकारांतच असा मतभेद असतां दुकानदाराच्या सूत्रास वेदवाक्य कां मानावें? धर्माचीं प्रमाणें सांगतांना मनूनेंहि आत्म्यास जें प्रिय तें त्यांत धरलें आहे. येथें तर केवळ कुडत्याचा प्रश्न! आठवड्यानें नातीनें अंधेरीच्या लोखंडवाला बाजारांतून हळदीच्या रंगाचा, चांगल्या बोटभर रुंद आडव्या पट्ट्यांचा कुडता आणला आणि तोच लेऊन ती लग्नास आली. थोरल्या सूनबाईंस तो रुचला नाहीं. आम्हांस रुचला.

कपडा अंगास येत नाहीं तेव्हां दोष बहुधा कपड्याचा असतो, हें मुलींच्या मनावर ठसलें पाहिजे. ‘एल’, ‘एक्स-एल’ हीं अक्षरें आपल्याकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेंतील मापपत्रकांवरून आलीं. भारतीयांच्या शरीराचें स्वतंत्र मोजमाप करण्याचा ‘इंडियासाइझ’ हा उपक्रम केंद्र सरकारनें २०१८ सालीं जाहीर केला. मुंबईसह ६ शहरांत १५ ते ६५ वर्षें वयाच्या सुमारें २५,००० लोकांचीं मापें राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें यंत्रानें घ्यावीं, अशी ती योजना. तोंवर परक्या शाळेची प्रश्नपत्रिका देऊन आपलीं मुलें नापास करणें चाललें होतें म्हणावयाचें!

दुसरें कारण बेतण्याचें. एकच मधला साचा चोहों बाजूंनीं सारखा वाढविला कीं मोठें माप झालें, असें पुष्कळ कारखानदार समजतात. परंतु माणूस कांहीं पुरीसारखा सर्वत्र सारखा फुगत नाहीं. पोट व दंड वाढतात. खांद्याचें हाड वाढत नाहीं. म्हणून खांदा ओघळतो आणि मुंढा काचतो. स्थूल बांध्यासाठीं साचाच निराळा कापावा लागतो. तसे कापणारेहि आतां आहेत. २०१६ सालीं मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्यें भरल्या बांध्याच्या मॉडेलांचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. त्यांतील पोशाख ‘लिटल शिल्पा’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या शिल्पा चव्हाण यांचे होते.

प्रकृतीचा विचार वैद्यानें करावा. तो जेवणाच्या पंक्तींत करूं नये. ज्या घरांत लंबोदरास भक्तिभावानें पीतांबर नेसवितात, त्याच घरांत आलेल्या भाचीस पाणी देण्यापूर्वीं ‘किती ग सुटलीस!’ म्हणून स्वागत होतें, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. त्या मुली मग लग्नकार्यांस येईनाशा होतात, आणि घरचीं माणसें कारण शोधीत बसतात.

खरेदीस जातांना घरींच छाती, कंबर, नितंब व दंड टेपानें मोजून कागदावर मांडून न्यावें. अक्षराकडे पाहूं नये. सर्वांत मोठ्या मापास बसणारा कपडा घ्यावा व उरलेला घेर शिंप्याकडून आंत घ्यावा. सैल कपडा आवळतां येतो, तंग कपड्यास कापड कोठून आणणार? नवा शिवावयास टाकल्यास काखेंत कळी घालण्यास व दोन्ही बाजूंस दोन बोटें माया ठेवण्यास बजावावें. तयार कपड्यांत ही माया बहुधा ठेवलेलीच नसते, म्हणून घेण्यापूर्वीं तो उलटा करून शिवण पाहावी.