जीबीएसची मोजणी साथीपुरती नको

2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात, गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. एरवी वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला गाठणाऱ्या या आजाराने काही आठवड्यांतच शंभरी ओलांडली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. महापालिकेत गावे आधी आली, शुद्धीकरण केलेले पाणी मागून येणार होते. हा क्रम पुणेकरांना नवा नाही. एकाच भागातले इतके रुग्ण एकदम रुग्णालयांत पोहोचले म्हणून साथ लक्षात तरी आली. तेच चार-दोन असते, तर कोणी दखल घेतली असती?

या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जुलाब थांबतात, पण जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे पुढे मज्जातंतूंवरच चालून जातात. तळपायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग हात लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो. मज्जातंतूचे नुसते आवरण झिजले असेल तर रुग्ण बरा लवकर होतो. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर साधारण मीटरभर. हिशेब वाचकांनीच करावा. उपचारासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांची (आयव्हीआयजी) मात्रा वजनावर ठरते. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या लागतात. प्लाझ्मा बदलण्याचा उपचारही तितकाच गुणकारी आहे, पण त्याची सोय सगळीकडे नाही.

साथ नसतानाही जीबीएसच्या प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी, असे म्हटले की इतक्या दुर्मीळ आजारासाठी कायमची यंत्रणा कशाला, असा आक्षेप येईल. या जिवाणूची बाधा झालेल्या हजारात एखाद्यालाच जीबीएस होतो, हे खरे. पण म्हणूनच एका रुग्णामागे बाधा झालेले शेकडो असू शकतात आणि जुलाबाच्या त्या शेकडोंची नोंद कुठेच होत नाही. न्यूझीलंडने कोंबडीच्या मांसातील या जिवाणूवर 2006 नंतर कडक नियंत्रण आणले, तेव्हा त्याची बाधा निम्म्याने घटली आणि जीबीएससाठी रुग्णालयात दाखल होणारेही 13 टक्क्यांनी कमी झाले. जीबीएस इतर संसर्गांनंतरही होतो, त्यामुळे प्रत्येक रुग्ण पाण्याच्या माथी मारता येणार नाही, हेही मान्य. म्हणूनच नोंदीत पत्ता, पाण्याचा स्रोत आणि आधीच्या जुलाबाची तारीख हवी. डॉक्टरांवर कागदांचा बोजा वाढेल, ही तक्रार मात्र फारशी टिकत नाही. पोलिओच्या देखरेखीत पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक लुळेपणा आला की ते कळवले जाते आणि शौचाचे दोन नमुने तपासणीला जातात. आपल्याकडे हे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे. तीच वाट चाळिशीतल्या रुग्णासाठी खुली करायला नवे खाते उघडावे लागणार नाही.