आंब्यावरील आमरी बांडगूळ नव्हे

आंब्याची फळे उतरली की मानोरा तालुक्यातील पुष्कळ शेतकरी बंधू झाडावरील बांडगूळ काढण्याचे काम हाती घेतात. हे काम अवश्य करावे, असाच आमचा सल्ला आहे. मात्र त्याच कोयत्याखाली दुसरी एक निरपराध वनस्पती दरवर्षी जाते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे.

गेल्या वर्षी मानोऱ्याजवळच्या एका शेतात जुन्या गावरान आंब्याखाली छाटणीचा ढीग पडलेला दिसला. त्यात बांडगुळाच्या थोड्या फांद्या होत्या, आणि मुळ्यांसकट ओरबाडलेले आमरीचे सात झुबके होते. दोन झुबक्यांवर फुले होती. "काका, हे कशाला काढले?" असे विचारता उत्तर आले, "साहेब, बांडगूयच हाय ते. झाडाचा रस पेते." त्यांना दोष कसा द्यावा? कृषी पदवीची चार वर्षे पुरी करूनही प्रस्तुत लेखकाने हा भेद झाडाजवळ जाऊन कधी पाहिला नव्हता. संस्कृतातही झाडावर वाढणाऱ्या अशा वनस्पतींना सरसकट 'वंदा' म्हणत, आणि सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तोच शब्द उचलून या आमरीच्या प्रजातीला 'व्हँडा' हे नाव दिले. आपल्याकडील आमरी ती व्हँडा टेसेलाटा. ऑर्किड म्हणून शहरात जी फुले महाग विकली जातात, त्याच कुलातील ही वनस्पती होय.

भेद ओळखणे कठीण नाही. बांडगूळ जेथे बसते तेथे यजमान फांदीवर गाठ येते, कारण त्याची शोषक मुळे लाकडात शिरून पाणी व क्षार ओढून घेतात. त्याची पाने रुंद व चिवट, फुले नळीसारखी आणि फळे चिकट असतात. फुलटोच्यासारखे लहान पक्षी ती फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीला चिकटवितात. आमरीच्या मुळ्या मात्र जाड, पांढुरक्या दोरांसारख्या सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. नखाने उचलल्यास त्या सुटतात आणि खाली साल अखंड दिसते. पाने लांब, जाड, मध्ये पन्हळीसारखी दुमडलेली. फुले पिवळसर, त्यांवर तपकिरी चौकड्यांची जाळी आणि ओठ जांभळट. झाडाकडून तिला केवळ बसायला जागा हवी असते. पाणी ती पावसाचे व दवाचे घेते, अन्न सालीवर साचलेल्या धुळीतून व पाचोळ्यातून मिळविते. एखाद्या किडक्या फांदीवर फार मोठा झुबका झाला तर भाराने फांदी मोडेल, तेवढाच धोका.

वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हाही ही वनस्पती उघड्यावर कशी टिकते, हे समजून घेण्यासारखे आहे. मुळ्यांवर स्पंजासारखे मृत पेशींचे आवरण असते. सर आली की ते पाणी शोषते आणि मुळी हिरवी दिसू लागते. पानांची रंध्रे ती मुख्यतः रात्री उघडते, म्हणून दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही. ऑस्ट्रेलियातही असाच प्रकार आढळतो. तेथील पूर्व किनाऱ्याकडच्या खडकांवर वाढणाऱ्या डेंड्रोबियम स्पेसिओसम व डेंड्रोबियम किंगियानम या जाती सिडनीचे लोक काचघराशिवाय बागेतील दगडांवर व झाडांवर बारा महिने ठेवतात. त्या जाती आपण मागवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांना फुलण्यासाठी बऱ्यापैकी थंड हिवाळा लागतो आणि आपला उन्हाळा त्यांना मानवणार नाही. त्या लोकांनी आपल्याच मुलखातील काटक जात निवडली, एवढे घ्यावे.

आपल्याकडे उलट चालते. रोपवाटिकेतून संकरित डेंड्रोबियमची कुंडी आणावी, आणि ती चैत्रात सुकून जावी. प्रस्तुत लेखकाने तर पहिल्या कुंडीत शेतातील काळी माती भरली होती! मुळ्या पंधरा दिवसांत कुजल्या. या संकरित जातींना दमट हवा लागते. ती मानोऱ्यात पावसाळ्याखेरीज कोठून मिळणार?

आमरी लावायची म्हणून रानात जाऊन उपटू नये. राखीव वनातून परवानगीवाचून वनस्पती काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. शिवाय तिचे बी धुळीइतके बारीक असून त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची सोबत मिळाल्याखेरीज ते रुजत नाही, आणि रोप फुलावर येण्यास कित्येक वर्षे जातात. काही भागांत हिच्या मुळ्या 'रास्ना' म्हणून औषधासाठी गोळा होतात, तो तगादा वेगळाच. म्हणून आपल्या शेतात वादळाने पडलेल्या किंवा छाटलेल्या फांदीवरील झुबके तेवढे उचलावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांडगूळ काढण्याच्या वेळी मजुरांना आधी दोन्ही वनस्पती हातात देऊन दाखवाव्यात. तोंडी सूचनेचा उपयोग होत नाही, हा आमचा अनुभव आहे. शाळेच्या आवारातील आंब्यावर एक झुबका असला तर मुलेच तो घरी ओळखून सांगतील.

त्या ढिगातील पाच झुबके आम्ही मालकांच्या संमतीने त्याच आंब्याच्या खोडावर पूर्वेच्या बाजूस, मृगाच्या पावसानंतर सुतळीने बांधले. खाली माती, शेण काही घातले नाही. पेरूसारख्या साल सोडणाऱ्या झाडावर ते टिकले नसते. पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा आणि उन्हाळ्यात रोज सकाळी पाण्याचा फवारा दिला; सायंकाळपूर्वी मुळ्या कोरड्या झाल्या पाहिजेत. दोन झुबके वाळले. तिघांनी नव्या मुळ्या टाकून साल धरली आहे, आणि सुतळी आता कुजू लागली आहे. ती काढण्याची घाई करू नये, आपोआप गळू द्यावी.