विजेची मोटार घेताय? रस्त्यातल्या मदतीचं कलम आधी वाचा

खेड्यापाड्यांतही आता विजेवरच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. कायद्याने सक्तीचा आहे तो तृतीय पक्ष विमा. त्याच्या हप्त्यात २०२२ च्या दरपत्रकाने अशा मोटारींना १५ टक्के सूट दिली. पण गाडी वाटेत बंद पडली, तर हा विमा कामाचा नाही. त्यासाठी 'रस्त्यावरील मदत' हे जादा कलम घ्यावं लागतं.

डिझेल संपलं तर कॅन घेऊन पंपावर जाता येतं. बॅटरी उतरली तर तसं भागत नाही. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणंही धोक्याचं. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते, यंत्रणा बिघडू शकते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

तेव्हा शेतकरी बंधूंनी सहीआधी विचारावं: सपाट ट्रक येणार का? डांबरी सोडून आतल्या वस्तीवर येणार का? चार्जिंग संपणं बिघाडात धरतात का? वर्षातून किती वेळा? किती किलोमीटर फुकट? वर्कशॉप ७० किलोमीटरवर आणि मर्यादा ५० ची, तर वरचे २० आपल्या खिशातून.

नव्या गाडीला कंपनीचीच मदत असेल, तर दुहेरी पैसे भरू नयेत. आणि एजंटाचा तोंडी शब्द नको; पॉलिसीच्या कागदावर लिहिलेलं तेवढंच खरं.